ओसरीवरचा खेळ आणि परदेशी दरवान

दिवाळी आली की मुलांच्या संगणकावरील खेळांबद्दल हळहळ व्यक्त करण्याची आपल्या सुशिक्षित समाजात एक प्रथाच पडून गेली आहे. फराळाचे ताट पुढे आले की कोणी तरी काका चष्मा वर सरकवून म्हणतात, "आमच्या वेळी विटीदांडू होता, सूरपारंब्या होत्या, आता पाहावे तर कार्टी त्या डबड्यात डोके घालून बसलेली!" दुसरे काका मान डोलावतात, आणि चकलीचा तुकडा मोडता मोडता एका अख्ख्या पिढीचा निकाल लागतो. ह्या निकालपत्रावर सही करायला मी तयार नाही. मुलांनी संगणकावर खेळू नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. माझी तक्रार अगदी उलट्या बाजूची आहे. एका खोलीत, एका सतरंजीवर बसून, आपापले संगणक एकमेकांस जोडून चार मुलांनी मिळून खेळण्याची जी एक उत्तम सोय होती, ती खेळ विकणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांपैकी अनेकींनी गेल्या पंधरा-सोळा वर्षांत हळूहळू काढून घेतली. आणि ही काका मंडळी विटीदांडूचे श्राद्ध घालण्यात इतकी गर्क, की घरातून काय गेले ह्याचा त्यांना पत्ताही नाही!

मी काही संगणकशास्त्रातला पंडित नव्हे. दहावीच्या परीक्षेनंतर कॉलेजची पायरी मी चढलो नाही. शाळेत मुलांना चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. परंतु प्रवरेच्या काठच्या आमच्या कोल्हारसारख्या गावात मास्तर म्हटला की त्याला सर्वच विषयांतले कळते, असा लोकांचा गोड समज असतो. अर्जातली वेलांटी, लग्नपत्रिकेतला मजकूर, मोबाइलमधला बिघाड, सारे त्याच्याच दारी येते. अशा दारी आलेल्या कामांतूनच ही विद्या मला थोडीफार अवगत झाली. तेव्हा जे सांगतो ते पोथीतले नसून हाताखालून गेलेले आहे, एवढे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

प्रथम ही सोय म्हणजे काय, ते सांगतो. जवळजवळ ठेवलेले दोन-चार संगणक तारेने किंवा वाय-फायने एकमेकांस जोडले, की त्यांची एक छोटी आळी तयार होते. हिलाच 'लॅन' म्हणतात. अशी जोडणी करणारी 'इथरनेट' नावाची पद्धत अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत १९७३ साली जन्मास आली. ती कचेऱ्यांतल्या कामासाठी होती. पण जेथे माणसे कामासाठी एकत्र येतात तेथे ती खेळणारच! १९९३ साली 'डूम' नावाचा खेळ निघाला, आणि एका कचेरीतले चार संगणक जोडून चौघांना तो एकत्र खेळता येऊ लागला. पुढे १९९८ साली 'स्टारक्राफ्ट', १९९९ साली 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग आणि मागोमाग 'काउंटर-स्ट्राइक' आला, आणि ही लाट आपल्या सायबर कॅफेंपर्यंत येऊन पोचली. त्या काळी तासाचे पैसे वर्गणी काढून भरणारी पोरे मी पाहिली आहेत. प्लायवूडच्या खोपटांतून एकमेकांवर ओरडत, "अरे, मागून आला बघ!" असे इशारे देत ती खेळत. त्यांतल्या कित्येक कॅफेंमध्ये इंटरनेट रडतखडत चाले. पण खेळ सुसाट चाले. कारण खेळाला बाहेरच्या जगाची गरजच नव्हती. एका खुर्चीपासून दुसऱ्या खुर्चीपर्यंत तार पोचली म्हणजे झाले!

आता ह्या जोडणीत अडचणी येत नसत काय? येत तर! पदोपदी येत. आणि माझ्या मते त्या खेळाचे निम्मे मोल त्या अडचणींतच होते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे भाचा आला होता. शेजारची दोन मुले आपापले लॅपटॉप काखोटीस मारून आली. खेळ जुनाच, जोडणीची सोय असलेला. एकाने खेळ मांडला. पण दुसऱ्या दोघांच्या पडद्यावर तो दिसेचना. "मामा, तुम्हीच बघा आता," असे म्हणून भाच्याने हात टेकले.

मी म्हटले, "आधी प्रत्येकाचा पत्ता वाचा." संगणक जोडणीत शिरला की त्याला चार आकड्यांचा एक पत्ता मिळतो. घरगुती जोडणीत तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. हे आकडे १९९६ साली खाजगी वापरासाठीच राखून ठेवले गेले. ते आपल्या घरात जसे असतात तसेच शेजाऱ्याच्याही घरात असतात, आणि एकाला दुसऱ्याचा उपद्रव होत नाही. घरगुती मांडणीत पहिले तीन आकडे म्हणजे गल्ली आणि चौथा म्हणजे घराचा क्रमांक, असे धरून चालावे. दोघांची गल्ली एकच निघाली. भाच्याची मात्र निराळी! चौकशीअंती कळले की स्वारी राउटरवर नसून मामीच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर होती. एकाच सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसलेली मुले संगणकाच्या हिशेबाने दोन निराळ्या गावांत होती. खेळ मांडणारा संगणक "कोणी आहे का?" अशी हाळी देतो, ती त्याच्या गल्लीपुरतीच ऐकू जाते, वेस ओलांडून पलीकडे जात नाही. भाच्याला राउटरवर आणले, तेव्हा गल्ली एक झाली.

तरी एक गडी दिसेना. मग 'पिंग'ची आज्ञा देऊन पाहिली. माइक मूस नावाच्या गृहस्थांनी १९८३ साली लिहिलेली ही चिमुकली युक्ती आहे. एका संगणकाने दुसऱ्याला टिचकी मारावी आणि "ओ" येते का ते पाहावे, एवढेच तिचे काम. "ओ" आली नाही. घर आहे, पण दार लावलेले आहे! हे दार म्हणजे फायरवॉल. नव्या जोडणीत शिरताना विंडोज ती जोडणी सार्वजनिक मानते किंवा आपल्याला विचारते. सार्वजनिक म्हटले की दार लावून घेते. एस.टी. स्टँडावर ते योग्यच आहे, पण स्वतःच्या ओसरीवर नव्हे. जोडणी 'खाजगी' केली, त्या एका खेळापुरती फायरवॉलला परवानगी दिली, आणि "ओ" आली. एवढे होऊनही खेळात शिरताना तो गडी बाहेर फेकला जाई. पाहतो तो त्याच्याकडे खेळाची आवृत्ती जुनी! दुरुस्तीची फाइल पेनड्राइव्हवरून घातली, आणि तिघेही रणांगणावर उतरले. त्या आरोळ्या ऐकून पलीकडच्या आळीतली माणसे डोकावून गेली.

पुष्कळदा ह्याहूनही निराळी विघ्ने निघतात. पत्ता १६९.२५४ ने सुरू झालेला दिसला तर समजावे, की संगणकाला कोणी पत्ता दिलेलाच नाही. बिचाऱ्याने स्वतःच एक लावून घेतला आहे. मग तार सैल आहे का ते पाहावे. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या 'गेस्ट' वाय-फायवर बसलात तर काही राउटर पाहुण्यापाहुण्यांत भेट होऊ देत नाहीत. सर्वांना इंटरनेट मिळते, पण एकमेकांचे तोंड दिसत नाही. आणि राउटर नसलाच तर दोन लॅपटॉप एका तारेनेही जोडता येतात. पूर्वी त्यासाठी आतल्या जोड्या उलटसुलट केलेली खास तार लागे. अलीकडचे संगणक ते आपले आपण जुळवून घेतात.

वाचक म्हणतील, मास्तर, दिवाळी अंकात हा काय यंत्रशाळेचा धडा! पण ह्या धड्यात काय काय आहे ते पाहा. पत्ता म्हणजे काय, दार म्हणजे काय, बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी, आधी जवळचे तपासावे आणि मग लांबचे, ही सारी शिकवण त्या मुलांना दीड तासात मिळाली. ती कोणत्याही शिकवणीच्या वर्गात बसून मिळाली नसती, कारण तेथे शेवटी खेळायला मिळणार नव्हते! शिवाय बिघाड आपल्या ओसरीवरचाच होता. तो दिसत होता, हाताला लागत होता. म्हणून सुटत होता.

आता ह्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट ऐका. बाहेर रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली आणि गल्लीतले इंटरनेट गेले. राउटरचे दिवे लुकलुकत होते. इंटरनेट गेले म्हणजे राउटर गेला असे नव्हे. घरातली आळी शाबूत होती. पण त्या दिवशी मुलांना भाच्याच्या बाबांनी पैसे मोजून घेऊन दिलेला नवा खेळ खेळायचा होता. तो सुरूच होईना. भाचा म्हणाला, "मामा, नेट गेलं."

"अरे, पण तुम्ही तिघेही इथेच आहात ना?"

"आम्ही इथे आहोत. पण सर्व्हर तिकडे आहे ना!"

"तिकडे म्हणजे कुठे?"

"काय माहीत! परदेशात कुठेतरी."

पहिल्या दिवशी सोडवलेले सगळे कोडे येथे निरुपयोगी ठरले. पत्ते बरोबर, दारे उघडी, आवृत्ती एक. आणि तरीही खेळ बंद. कारण मध्ये एक परदेशी दरवान उभा होता. दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या मित्राला हाक मारण्यासाठी प्रथम सातासमुद्रापलीकडे अर्ज करायचा, तेथून ओळख पटवून घ्यायची, आणि मग ती हाक समुद्र ओलांडून परत आपल्याच ओसरीवर यायची! शेजारणीला द्यायचे फराळाचे ताट आधी मुंबईला पाठवून शिक्का मारून आणावे, असे कोणी सांगितले तर आमच्या आयाबाया त्याला लाटण्यानेच उत्तर देतील. पण संगणकाचा खेळ म्हटला की हीच गोष्ट प्रगती ठरते.

हे आपोआप घडले नाही, ठरवून घडले. उदाहरण उघड आहे. ब्लिझर्ड कंपनीच्या १९९८ च्या 'स्टारक्राफ्ट'मध्ये अशी सोय होती, की एकाच तबकडीवरून मित्रांच्या संगणकांवर खेळाची एक धाकटी प्रत बसवावी आणि सर्वांनी मिळून खेळावे. कंपनीनेच ही मुभा दिली होती. तिच्यामुळे खेळ बुडाला का? उलट दक्षिण कोरियात तर तो घरोघर पोचला. त्याच कंपनीने २०१० साली त्याचा दुसरा भाग काढला आणि त्यातून लॅन साफ वगळले. जगभरच्या खेळाडूंनी आधीच विनवण्या केल्या होत्या. त्या ऐकल्या गेल्या नाहीत. परिणाम असा, की स्पर्धेच्या सभागृहात एकाच व्यासपीठावर बसलेल्या दोन खेळाडूंचे सामनेदेखील बाहेरच्या सर्व्हरशी संपर्क तुटल्याने मध्येच मोडू लागले. २०१३ साली कंपनीने मोडलेला सामना पुन्हा मधूनच सुरू करण्याची युक्ती दिली. म्हणजे पायात काटा मोडला तर मलमपट्टी दिली, पण काटा काढला नाही!

कंपन्यांचीही एक बाजू आहे, आणि ती मी लपवणार नाही. त्या म्हणतात, लॅन ठेवले की चोरून उतरवलेल्या प्रती त्यावर चालतात. लबाडी करणाऱ्यांना आवरता येत नाही. आणि फार थोडे लोक वापरतात अशा सोयीवर आम्ही खर्च का करावा? पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. आपल्याकडे चोरीच्या तबकड्यांचा सुळसुळाट होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण चोराने कुंपण ओलांडले म्हणून सावाच्या घराचे दार बाहेरून बंद करण्याचा न्याय कोणत्या शास्त्रात सांगितला आहे? विकत घेताना एकदा ओळख पटवून घ्या. दर वेळी कशाला? लबाडीचे म्हणाल, तर जागतिक क्रमवारीच्या सामन्यांना हवा तेवढा कडक पहारा ठेवा. माझ्या ओसरीवर भाच्याने लबाडी केली, तर तिचा निवाडा करायला शेजारचा पोरगा समर्थ आहे. तो त्याच्या पाठीत धपाटा घालील! आणि वापरणारे थोडे म्हणाल, तर दार भिंत घालून बुजवायचे आणि मग "इकडून कोणी येत नाही" अशी नोंद करायची, हा हिशेब चमत्कारिक आहे. आजही 'माइनक्राफ्ट'च्या संगणकावरील जावा आवृत्तीत आपले जग घरातल्या जोडणीवर खुले करण्याची सोय आहे, आणि मुले ती आवडीने वापरतात. म्हणजे जमत नाही असे नव्हे, करायचे नाही.

ह्या दरवानाचा खरा धोका तर पुढेच आहे. आज केबल तुटली तर उद्या जोडली जाईल. पण दरवानच नोकरी सोडून गेला तर? २०१४ च्या मे महिन्याच्या अखेरीस 'गेमस्पाय' नावाची सेवा बंद झाली. शेकडो खेळांतल्या खेळाडूंना एकमेकांची गाठ घालून देणारी ती मध्यस्थ होती. ज्या खेळांत लॅनची वाट होती, ते घरोघर चालत राहिले. ज्यांचा सारा भार त्या मध्यस्थावर होता, त्यांची मैदाने ओस पडली. २०१४ सालीच यूबीसॉफ्ट कंपनीने 'द क्रू' नावाचा मोटारी चालवण्याचा खेळ काढला. तो एकट्याने खेळतानासुद्धा सर्व्हर लागे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाला आणि पैसे मोजून घेतलेला तो खेळ रातोरात निकामी झाला. लोक चिडले. त्यातून खेळ मारून टाकणे थांबवा, अशी चळवळ उभी राहिली, आणि युरोपात तिच्या मागणीपत्रावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. मागणी अवाजवी नाही. सेवा जन्मभर चालवा असे कोणी म्हणत नाही. दुकान बंद करताना विकलेली वस्तू चालेल अशा स्थितीत ठेवून जा, एवढेच म्हणणे आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली कायदा करून ठरवले, की जी वस्तू खरोखर मालकीची होत नाही तिच्यापुढे 'विकत घ्या' असे लिहायचे असेल, तर हा केवळ वापराचा परवाना आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. २०२५ पासून तो लागू झाला. म्हणजे आजवर लोक मालक म्हणून पैसे भरत होते आणि भाडेकरू म्हणून राहत होते, ह्याची कबुलीच झाली!

परक्याच्या दारात उभे राहण्याचे दुःख आमच्या मुलखाला नवे नाही. कोल्हारपासून प्रवरानगर हाकेच्या अंतरावर आहे. ऊस आपला, घाम आपला, आणि भाव मात्र दुसऱ्याने ठरवायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या सोसल्यावर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या पुढाकाराने येथल्या शेतकऱ्यांनी १९५० साली स्वतःचा सहकारी साखर कारखाना उभा केला. त्यात पुढे काय बरे झाले आणि काय वाईट, हा वाद मी आज काढत नाही. पण 'आपल्या वस्तूची किल्ली आपल्या कनवटीला असावी' हे ज्या मातीने एवढ्या मोठ्या प्रमाणावर करून दाखवले, तिच्या नातवंडांनी तीन लॅपटॉपांच्या खेळासाठी परदेशी दरवानाची मनधरणी करावी, हे मला लागते. दिवाळीचा किल्ला मुले स्वतःच्या हातांनी मातीचा करतात. त्यावर मावळे कोठे ठेवायचे, हे विचारायला ती कोणाकडे जात नाहीत. मग संगणकातल्या किल्ल्यालाच ही गुलामी का?

पैसे लावून खेळवणाऱ्या जुगारी खेळांची गोष्ट वेगळी. त्यांच्यावर २०२५ साली केंद्र सरकारने कायदा करून बंदी घातली, ती योग्यच झाली. पण सर्व खेळ एका दोरीने बांधून शिव्या घालणारे काका आणि सर्व खेळांवर आपला दरवान बसवणाऱ्या कंपन्या, हे दोघे नकळत एकमेकांना साहाय्यच करतात. काकांना खेळांत भेद दिसत नाही, म्हणून कंपन्यांना कोणी जाब विचारत नाही. मूल एकटे कोपऱ्यात बसून परक्यांशी खेळते, ह्याबद्दल हळहळायचे. आणि चार मुलांना एका सतरंजीवर आणणारा खेळ कोणता, हे मात्र विचारायचे नाही!

म्हणून पालकांना माझे सांगणे आहे. मुलाला खेळ घेऊन देण्यापूर्वी दुकानदाराला किंवा एखाद्या जाणत्याला दोन प्रश्न विचारा. बाहेरचे इंटरनेट बंद असताना घरातले दोन संगणक जोडून हा खेळ खेळता येतो का? कंपनीने उद्या सेवा बंद केली तर तो चालेल का? उत्तर 'नाही' आले तर पैसे खिशात ठेवा. गिऱ्हाइकाची नाराजी कंपन्यांना पैशाच्याच भाषेत कळते. फुकट आणि खुलेपणाने मिळणारे चांगले खेळही आहेत. 'झीरो ए.डी.' ह्या खेळात रोमन आणि ग्रीकांच्या जोडीला आपले मौर्यही आहेत, आणि घरच्या जोडणीवर तो खुशाल खेळता येतो. माझ्या शिक्षकबंधूंना विनंती अशी, की संगणकाच्या तासाला पुस्तकातल्या व्याख्या घोकून घेण्यापेक्षा एकदा दोन संगणक मुलांसमोर जोडा, मुद्दाम एक तार काढा, एकाचा पत्ता बदला, आणि "शोधा बिघाड" म्हणून बाजूला व्हा. वर्गात असा गलका होईल की मुख्याध्यापक धावत येतील; त्यांनाही एक खुर्ची द्या.

आणि कंपन्यांना एवढेच सांगावेसे वाटते: तुमचा सर्व्हर तुम्हाला लखलाभ असो. जगाच्या दुसऱ्या टोकाच्या गड्याशी गाठ घालून द्यायला तो जरूर ठेवा. पण शेजारच्या गड्याची आणि माझ्या भाच्याची गाठ घालून द्यायला तुमची गरज नाही. ती सतरंजीने केव्हाच घातलेली आहे. त्या दोघांच्या मधून तेवढे बाजूला व्हा!